कस्तुरामावशीचा न पुसलेला जोड

भोसरी एमआयडीसीत आमची शेड आहे. डेअरीच्या टाक्या आणि त्यांच्या पाइपलाइनी आम्ही बनवतो, सगळं काम स्टेनलेस स्टीलचं. मी तिथं स्टोअर सांभाळते. माझं नाव निशिगंधा. शेडमधले लोक पाठीमागं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि मला त्याचं काडीचंही वाटत नाही. जुना हातमोजा जमा केल्याशिवाय मी नवा देत नाही. फाटका मोजा आणला तरी तो उलटा करून बघते, कारण काही महाभाग मुद्दाम ब्लेड मारून आणतात. अशा माझ्या खिडकीतून गेली कित्येक वर्षं रोज समोर दिसणारी बाई म्हणजे कस्तुरा ओव्हाळ. सगळे तिला मावशी म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मावशी दापोडीची. वडील कंपनीत होते, नवरा रिक्षा चालवतो, मुलगी लग्न होऊन देहूरोडला गेली. अंगावर साडी, साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, पायात गमबूट आणि हातात कोपरापर्यंत येणारे काळे रबरी मोजे. या अवतारात ती शेडच्या मागच्या पत्र्याखाली बसायची आणि दिवसभर दुसऱ्यांनी मारलेले जोड साफ करायची.

हे साफ करणं म्हणजे काय ते सांगायला हवं. स्टीलचे पाइप जोडतात ते आर्गन वेल्डिंगनं. टॉर्चच्या टोकाला सुईसारखा टंगस्टन असतो, त्याच्या ठिणगीनं धातू वितळतो, आणि वितळलेल्या जागेवर आर्गन वायूचं पांघरूण राहतं म्हणून हवा लागत नाही. हात चांगला असेल तर जोडाला कांद्याच्या सालीसारखा फिका सोनेरी रंग चढतो. जरा जास्त तापला की जांभळा, मग निळा, आणि अगदीच वाट लावली की राखाडी-काळा. पण गिऱ्हाइकाला यातला कुठलाच रंग नको असतो, त्याला सगळा पाइप एकसारखा चकचकीत हवा असतो. म्हणून प्रत्येक जोडावर ॲसिडची पेस्ट लावायची, थांबायचं, पाण्यानं धुवायचं, मग बफिंगच्या चाकावर घासायचं. सोनेरी काय आणि काळा काय, सगळे रंग मावशीच्या हाताखाली जायचे.

त्यामुळं एक मजेची गोष्ट झाली होती. आमच्या वेल्डरांचं काम त्यांच्या मालकानं पाहिलं नसेल, गिऱ्हाइकानं तर नाहीच नाही, इतकं मावशीनं पाहिलं होतं. जोड हातात घेतला की ती सांगायची, हा ओंकारचा, हा त्या सोडून गेलेल्या बिहारी मिस्त्रीचा. ओंकार म्हणजे आमचा सगळ्यात चांगला वेल्डर. तरणा, देखणा, हात सुरेख, आणि हे सगळं त्याला स्वतःला अगदी नीट माहीत असलेला. एकदा उन्हाळ्यात मावशी त्याचा जोड घेऊन आत आली आणि म्हणाली, "ओंकार, पंखा लावला होतास का रे?"

"कोण म्हणतं?"

"जोड म्हणतोय. एका बाजूनं सोन्यावानी आणि एका बाजूनं काळा खरखरीत. वाऱ्यानं गॅस उडालाय तुझा."

आर्गनवर बसल्यावर पंखा बंद, हा शेडमधला पहिला नियम. एप्रिलात पत्र्याखाली माणूस शिजून निघतो, तरी बंद. ओंकार लालबुंद झाला. आधी म्हणाला लावला नव्हता, मग म्हणाला जरासाच लावला होता. आम्ही सगळे हसलो. त्यानंही शेवटी टॉर्च पुढं केली, "घ्या, एवढं कळतं तर मारून दाखवा." त्यानं चेष्टेत म्हटलं होतं. मावशीनं मोजे काढले आणि बसली.

पहिला जोड तिनं असा काही मारला की बघवेना. टंगस्टन धातूला चिकटवला, जोडात वितळवून भरायच्या फिलरच्या वायरीचा गोळा केला. पण उठताना तिचा चेहरा मी पाहिला. नवी भाजी पहिल्यांदा बिघडली की सुगरण बाईचा होतो ना, तसा होता. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, "निशा, भंगारात पाइपाचे तुकडे पडतात, ते देशील का?" मी म्हटलं, "सही करावी लागेल." तिनं केली. मग मी वायरीची उरलेली टोकंही दिली आणि त्यांची सही घ्यायचं विसरले. अशी विसराळू मी फारशी नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे झाडाखाली झोपायचे आणि आत मावशी जोड मारत बसायची. चुका कशा ओळखायच्या ते तिला आधीच येत होतं. हातानं त्या कशा टाळायच्या तेवढं शिकायचं होतं. तुकडा ॲसिटोननं पुसून घ्यायचा, बोटाचा तेलकट ठसासुद्धा ठेवायचा नाही. हात सावकाश चालवला तर धातू तापून निळा पडतो, घाई केली तर जोड धरत नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे शेवट. ठिणगी विझली तरी टॉर्च उचलायची नाही. गॅस अजून येत असतो, जोड अजून लाल असतो, तोवर हात तसाच धरून थांबायचं. आमच्या नवशिक्यांना हे कधी जमत नाही. ठिणगी विझली की काम झालं असं वाटतं आणि ते टॉर्च काढतात, मग शेवटाला काळा ठिपका राहतो. मावशीला ते पहिल्यापासून जमलं. दुसऱ्याच्या घाईनं पडलेले ते ठिपके तिनं इतके घासले होते की तिचा हात आपोआप थांबायचा.

हे सगळं हौस म्हणून चाललं असतं तर मी लिहीतही बसले नसते. पण मावशीला खोकला लागला. आधी आम्ही हवेला दोष दिला, मग धुळीला. मी दिलेला मास्क नाकावर न लावता गळ्यात अडकवते म्हणून मी तिला रोज बोलायचे. मग बसमधून उतरून शेडपर्यंत येताना ती दम लागून वाटेत बसायला लागली. वायसीएम हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण ॲसिडच्या वाफेत बसणार असाल तर औषधाचा उपयोग नाही. ते काम सोडा.

ती मालकाकडं गेली. मारुतराव मूळ भोसरी गावातले. शेताच्या जागेवर शेड उभी राहिली तरी माणूस अजून गोठ्यातल्यासारखाच बोलतो, मोठ्यानं आणि सरळ.

"मावशे, दुसरं काम माझ्याकडं न्हाई. हापिसात तुला काय करू? एक तर ॲसिड, न्हाईतर आर्गन. आन् आर्गनवर मी बसवून भागत न्हाई. चाकणच्या पार्टीचा इन्स्पेक्टर टेस्ट घेतो. तो पास म्हणला तर उद्यापासनं बस. न्हाई म्हणला तर..."

"तर घरी," मावशी म्हणाली. "ॲसिडवर मी आता बसायची न्हाई दादा. मला जगायचंय."

मारुतरावांनी दुसरीकडं बघितलं. घरी बसणं तिला परवडणार नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं आणि घरी बसली नाही तर ती कुठल्या तरी दुसऱ्या शेडच्या मागच्या पत्र्याखाली जाऊन बसेल हेही. आमच्या भागात ॲसिड लावायला बाया लागतातच, आणि ज्यांना लागतात ते मास्कसुद्धा देत नाहीत.

टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टर आले. निरंजन त्यांचं नाव, शांत माणूस, चष्मा पुसत पुसत बोलायची सवय. त्यांनी मावशीकडं पाहिलं, शर्ट-साडीकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चष्म्याचा नंबर आहे का? हेल्मेटच्या काचेतून नीट दिसतं ना?" दिसतं म्हटल्यावर त्यांनी काम समजावलं. पाइपाचे दोन तुकडे शिकंज्यात धरायचे, पाइप फिरवायचा नाही, स्वतः भोवती फिरत जोड पुरा करायचा. बाहेरून ते पाहणार आणि मग करवतीनं उभा चिरून आतून पाहणार. आतली बाजू महत्त्वाची असते. पाइपाची तोंडं बंद करून आतही आर्गन भरावा लागतो, नाही तर करपलेल्या दुधाच्या पातेल्याला असते तशी खरवड आत धरते. मग त्या खरवडीत खरोखरीचं दूध अडकतं आणि नासतं.

ओंकारनं आदल्या दिवशीच तिच्यासाठी टंगस्टनला धार लावून ठेवली होती. मला वाटलं होतं, हा पोरगा जळेल. जळला नाही. "मावशी, वळणावर श्वास रोखू नका, खोकला येईल," एवढं सांगून तो पंख्याच्या बटनापाशी जाऊन उभा राहिला, कुणी चुकून लावू नये म्हणून.

मावशीनं जोड मारला. मी माझी खिडकी बंद करून बाहेर आले होते, जे मी कधी करत नाही. ती गुडघ्यावर बसली, मग उभी राहिली, मग वाकली. खोकला दोनदा आला असावा, कारण दोनदा तिनं ठिणगी विझवली, टॉर्च तशीच धरून गॅस संपू दिला, खोकून घेतलं आणि पुन्हा तिथूनच धरलं. शेवट झाला. ती थांबली. मग काच वर केली. जोड सोनेरी होता, सगळीकडून सोनेरी. एकावर एक कललेल्या नाण्यांसारख्या त्याच्या लाटा अगदी सारख्या होत्या. मला रडू आलं. आलं तर आलं.

निरंजनसाहेब मारुतरावांबरोबर ऑफिसात गेले होते. ओंकार त्यांना बोलवायला गेला. मी माझ्या खिडकीकडं वळले, कारण कुणीतरी हातमोज्यासाठी उभं होतं. तेवढ्यात मागं बफिंगचं चाक गुणगुणायला लागलं.

तो आवाज आमच्या शेडमध्ये दिवसभर असतो. कुणाचं त्याच्याकडं लक्ष जात नाही. माझंही क्षणभर गेलं नाही. मग माझ्या डोक्यात आलं की त्या चाकावर आमच्याकडं एकच बाई बसते, आणि मी पळाले.

उशीर झाला होता. मावशीच्या हातात पाइप होता, आरशासारखा चकचकीत. जोड कुठं आहे तेसुद्धा दिसेना. ती समाधानानं फडक्यानं पुसत होती.

"मावशी, काय केलंत हे!"

"काय केलं? साहेब येणार म्हणून साफ केला. रंग होता त्याच्यावर."

मागून ओंकार ओरडला, "मावशी, तो रंगच बघायचा होता त्यांना!"

तिनं आमच्याकडं पाहिलं, पाइपाकडं पाहिलं, आणि मग तिला कळलं. एरवी जोडाचा रंग वाचण्यात जिचा हात कुणी धरला नसता, तिलाच स्वतःच्या जोडावरचा रंग दिसला तो पुसायचा म्हणून दिसला. दुसऱ्या कुठल्याही वेल्डरच्या हातून हे झालं नसतं. वेल्डर जोड मारतो आणि पाठ फिरवतो. पुढचं कुणीतरी करतं. ते कुणीतरी म्हणजे हीच होती, आणि हात डोक्याला विचारत बसले नाहीत.

निरंजनसाहेब आले. पाइप उलटापालटा करून त्यांनी चष्मा काढला. "मावशी, हा मी बघू शकत नाही. आतून बरा असेलही. पण घासलेल्या जोडात काय लपलंय ते मी सांगू शकत नाही. काय लपवलं असा प्रश्न मला वरून येईल."

"मी लपवलं न्हाई हो साहेब," मावशी म्हणाली. "मी आजवर दुसऱ्यांचं लपवलं. माझं पहिल्यांदा दाखवायचं होतं." आणि ती खोकायला लागली, ती थांबेचना. मी तिला पाणी दिलं. मला तिचा राग आला होता, भयंकर राग. एवढं करून ठेवून स्वतःच्या हातानं! आणि त्याच वेळी मला तिच्या पाठीवरचा हात काढवत नव्हता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मी निघायच्या आत दुसरा पीस देता आला तर बघा. नियमात बसतं तेवढं मी करतो."

दुसरा पीस द्यायचा तर त्या मापाचा पाइप हवा. तसा सुटा स्टोअरमध्ये नव्हता. होता तो चाकणच्या ऑर्डरचाच, मोजून आलेला, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं मीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. मी मारुतरावांकडं पाहिलं. ते पाइपाकडं बघत होते.

"काप," ते म्हणाले.

"सही?"

"निशे, कापू देती का आता!"

ओंकारनं पाइप कापला आणि कडा घासून दिल्या. मावशीनं ॲसिटोननं पुसलं, तोंडं बंद केली, आत गॅस सोडला. या वेळी खाली टेकलेलं कोपर उचलून तिनं पुन्हा टेकलं आणि मग ठिणगी पाडली. साहेब ऑफिसात गेले नाहीत, तिथंच स्टूल घेऊन बसले. पंखा बंद होता आणि सगळ्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

ठिणगी विझली. मावशी टॉर्च धरून थांबली. गॅसचा फुसफुस आवाज बंद झाला. तिनं काच वर केली, आणि जोडाकडं पाहिल्या पाहिल्या तिचा उजवा हात खाली पडलेल्या फडक्याकडं गेला. मी पाहिलं. तिनंही पाहिलं. हात तिनं मध्येच अडवला आणि माझ्याकडं वळली.

"निशा, माझे हात धर गं. गार होईस्तोवर सोडू नको."

मी तिचे दोन्ही हात धरले. इतकी वर्षं मी तिला मोजे दिले, पण मोज्याच्या आतला हात कधी धरला नव्हता. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, रेषा नव्हत्या. नखांच्या कडेला ॲसिडचे पांढरे चट्टे होते. तिचे हात ओढ घेत होते, खरंच ओढ घेत होते, आणि मी घट्ट धरून उभी होते. आमच्या समोर तो जोड सोनेरी होऊन गार होत होता.

साहेबांनी तो बाहेरून पाहिला, सगळीकडून, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग ओंकारनं करवत लावली. पाइप उभा चिरला गेला. साहेबांनी आतून बोट फिरवलं, उजेडाकडं धरला आणि मारुतरावांच्या हातात दिला. मारुतरावांनी तो मावशीपुढं धरला. आतली कड बाहेरच्यासारखीच स्वच्छ होती, खरवडीचा मागमूस नव्हता.

"पास आहे," निरंजनसाहेब म्हणाले.

मावशीचे हात अजून माझ्या हातात होते. तिनं आनंद केला नाही, कुणाच्या पाया पडली नाही. घाबरत घाबरत विचारलं, "साहेब, आता पुसू का?"

"नका पुसू," ते म्हणाले. "एक अर्धा माझ्याकडं राहील, एक तुम्ही घेऊन जा. दोन्ही असेच राहू द्या."

तेव्हा कुठं ती रडली. ओंकारनं पंखा लावला आणि सगळे एकदम बोलायला लागले.

ॲसिडचं काम काही शेडमधून गेलं नाही, ते जाणारही नाही. पण दुसरी बाई आणून बसवायची तर आधी मला स्टोअरमधून हाकला, असं मी मारुतरावांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं, मग पत्र्याखाली मोठा एक्झॉस्ट बसवला आणि ज्याचा जोड त्यानं साफ करायचा असं ठरवलं. मावशीला डॉक्टरांची चिठ्ठी असल्यानं तिचे जोड बाकीचे वाटून घेतात. ओंकार कुरकुरतो. पण हल्ली त्याच्या जोडांना काळा डाग पडत नाही, स्वतःला घासावा लागतो ना.

टेस्टनंतरच्या सोमवारी सकाळी मावशी माझ्या खिडकीशी आली. अंगावर तोच शर्ट, डोक्यावर नवं हेल्मेट. तिनं खिडकीतून काळे रबरी मोजे आत सरकवले. कोपरापाशी चिरलेले, आतून पांढरे पडलेले.

"हे जमा करून घे," ती म्हणाली.

मी सवयीनं ते उलटे करून पाहिले. मग विचारलं, "बदली नवे देऊ?"

"नको," मावशी म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.